अमेरिकेत संध्याकाळचं नर्सिंग स्कूल : कुणी केलंय का?

अबोली७
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.
मी न्यू जर्सीत असते. पुण्यातून मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, मग एका औषध कंपनीत क्यूसी, लग्न, इकडे येणं, दोन मुलं, एचफोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे बायकोला मिळणारा व्हिसा) घरी. आता ग्रीन कार्ड आलंय. सध्या एका क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर दिवसा काम करते. तिथल्या नर्सेसना बघून डोक्यात किडा वळवळायला लागला. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात आरएनसाठीचा (नोंदणीकृत नर्स होण्यासाठीचा) असोसिएट डिग्रीचा संध्याकाळचा वर्ग आहे. आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी लेक्चर आणि लॅब, शिवाय हॉस्पिटलची पाळी.
चाळिशी समोर दिसतेय, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. नोकरी चालू ठेवून हे झेपतं का? माझ्या जुन्या डिग्रीचा काही उपयोग होतो का? घरी विषय काढला तर नवरा हो म्हणाला, आई मात्र फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, "एमएस्सी करून लोकांना भांडी देत फिरणार?"

टवाळपंत
पुढच्या प्रतिसादांसाठी पाटावर बसून आहे. आमची सौ. याच वाटेवर आहे, पहिलं सेमिस्टर. रोज संध्याकाळी माझं बीपी चार-चार वेळा घेतलं जातं. वाढलंय ते त्यामुळेच असावं.

पळसफूल
अबोली, मी केलंय. पेनसिल्व्हेनियात, संध्याकाळच्याच बॅचला. आता टेलीमेट्रीवर (हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर दिसतात त्या वॉर्डात) आहे. सविस्तर लिहिते.

संध्याकाळची बॅच म्हणजे हलका कोर्स अशी कल्पना असेल तर ती आधी काढून टाक. तास तेवढेच, परीक्षा त्याच, पास व्हायची रेषाही तीच. आमच्याकडे ती ७७ टक्क्यांवर होती, बहुतेक ठिकाणी ७५ ते ७८ च्या आसपास असते. म्हणजे भारतात ज्या मार्कांना डिस्टिंक्शन म्हणून पेढे वाटले असते, त्यांना इथे नापास म्हणतात. आणि दोनदा नापास झालं की बऱ्याच कॉलेजांत थेट बाहेर.

आता प्रीरेक, म्हणजे प्रवेशाआधी पुरे करायचे विषय. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रो, इंग्लिश कंपोझिशन, सायकॉलॉजी, ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट, काही ठिकाणी स्टॅट्स किंवा केमिस्ट्री. तुझी एमएस्सी मायक्रोत असली तरी मायक्रो पुन्हा करावं लागेल अशी तयारी ठेव. बरीच कॉलेजं सायन्सचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने असले तर धरत नाहीत. राग येतो, येऊ दे. तुला तिथे ए मिळवायला फारसे कष्ट पडणार नाहीत आणि प्रवेशाच्या वेळी तो ए मोजला जातो. इंग्लिश, सायकॉलॉजीसारखे विषय मात्र जुन्या डिग्रीवर सुटू शकतात. त्यासाठी डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन लागतं. युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट काढायला पुण्यात कुणाला तरी खेटे घालावे लागतील, ते काम आजच कुणाच्या तरी गळ्यात मार.

प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी टीज असते. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, त्यात वाचन, गणित, सायन्स आणि इंग्रजी. गणित आपल्या आठवी-नववीचं. आपली माणसं अडकतात ती इंग्रजीच्या विरामचिन्हांत. काही कॉलेजं त्याऐवजी हेसी नावाची परीक्षा घेतात, आधी विचारून घे.

आणि हे ठळक अक्षरात वाच : कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नकोस. राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी असते, त्यांच्या मुलांचा एनक्लेक्सचा (कोर्सनंतरच्या लायसन्स परीक्षेचा) निकालही मिळतो. असोसिएट डिग्रीला एसेन किंवा सीएनईए या संस्थांपैकी एकाचं ॲक्रेडिटेशन आहे का तेही बघ, नाहीतर पुढे बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) करताना अडचण येऊ शकते. संध्याकाळचे वर्ग, प्रीरेक नको, लगेच प्रवेश, फी मात्र अव्वाच्या सव्वा, असं काही दिसलं की पळ काढायचा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाचं प्रकरण उघडकीला आलं, ऑपरेशन नाइटिंगेल. तीन शाळांनी मिळून ७,६०० च्या वर बोगस नर्सिंग डिप्लोमे विकले होते.

आप्पा_डॅलस
हाती बॅचलर्स असताना असोसिएट डिग्री कशाला? ॲक्सिलरेटेड बीएसएन करा. बारा ते अठरा महिन्यांत मोकळे. हॉस्पिटलंही बीएसएनच मागतात.

पळसफूल
आप्पा, बरोबर आहे, पण ते बारा ते अठरा महिने नोकरी सोडावी लागते. तो कोर्स दिवसभराचा आणि फी कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट. ज्याच्या घरी एका पगारात भागतं त्याने जरूर करावा. बाकीच्यांनी आधी आरएन व्हावं, नोकरी धरावी आणि हॉस्पिटलच्या पैशाने ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन करावं. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात. माझं बीएसएन असंच झालं. न्यू यॉर्कमध्ये तर २०१७ चा कायदाच आहे, नव्या आरएनने लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करायचं. म्हणजे तिथेही आधी असोसिएट करून कामाला लागता येतं.

सोनटक्का
मी भारतातून लिहितेय. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आता सरकारी रुग्णालयात आहे. वरचं 'भांडी देत फिरणार' वाचून थोडं लागलं. अबोलीताई, तुमच्यावर राग नाही. माझ्याही आत्याने तेच म्हटलं होतं, आणि आत्याच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा भांडं मीच दिलं.
एक सांगते. भांडं देताना तुम्ही नुसतं भांडं देत नसता. लघवीचा रंग बघता, किती झाली ते मोजता, कुशीवर वळवलंच आहे तर माकडहाडावरची कातडी बघता. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होते का ते बघता. नाही झाली तर ती बेडसोअरची सुरुवात. हे डॉक्टरला राउंडमध्ये दिसत नाही, पेशंट उताणा असतो. आईंना एवढंच सांगा.
बाकी, इकडे असं संध्याकाळचं काही नाही. जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार, दोन्ही पूर्णवेळ. जीएनएमला वयाची ३५ ची अटही आहे. चाळिशीतल्या बाईला कुणी दारातही उभं करणार नाही. तुमच्याकडे दार उघडं आहे तर जा.

अबोली७
सोनटक्का, तुमचा प्रतिसाद आईला जसाच्या तसा वाचून दाखवला. "माकडहाडाचं खरं आहे," म्हणाली. आजीला शेवटी बेडसोअर झाले होते. अजून हो म्हणालेली नाही, पण फी किती ते विचारलं.

टवाळपंत
फी विचारली म्हणजे झालंच की. मराठी आईचं तेच कन्यादान.

निर्झर
मी एचफोरवर आहे, ईएडी (काम करण्याचा परवाना) नाही. मला करता येईल का?

पळसफूल
शिकायला एचफोरवर बंदी नाही, पार्टटाइम शिका की फुलटाइम. पण फेडरल मदत, जिच्यासाठी फाफसा नावाचा अर्ज भरतात, एचफोरला मिळत नाही, ती ग्रीन कार्ड आणि नागरिकांना. रहिवाशांची स्वस्त फी लागते की नाही हे राज्यावर आणि कॉलेजवर आहे. अजून एक, काही राज्यांत लायसन्सच्या अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. तो नसेल तर काय, हे बोर्डाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. कॉलेजातल्या काउन्सेलरच्या तोंडी भरवशावर पैसे भरू नका. आणि काम करण्याची परवानगी नसेल तर लायसन्स हातात येऊनही घरी बसावं लागेल, ते धरून चला.

गवतीचहा
मी प्रीरेक करतेय. सगळ्यांना एकच सांगेन, आधी सीएनए (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा कोर्स) करा. फेडरल नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग, काही राज्यांत जास्त. शनिवार-रविवारीही मिळतं. एका नर्सिंग होममध्ये मी वीकेंडला काम करते. आमच्या बॅचमधल्या एका मुलीला पहिल्याच दिवशी कळलं की तिला दुसऱ्याच्या कवळ्या धुता येत नाहीत. रक्त चाललं, कवळी नाही. ती आता रेडिओलॉजीकडे वळली, आणि तिची प्रीरेकची बरीचशी फी वाचली.

अबोली७
धागा वर काढतेय. बराच मोठा खंड पडला, मधल्या काळात दुसरं काही सुचलंच नाही. प्रीरेक झाले, टीज झाली, प्रवेश मिळाला! सप्टेंबरपासून सुरू.
आता कागदपत्रांचा डोंगर. पोलिस तपासणी, बोटांचे ठसे, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड, लसींचे पुरावे. आणि टीबीच्या त्वचेच्या टेस्टला माझा हात टरारून सुजलाय. मला टीबी आहे का?!

पळसफूल
अगं, घाबरू नकोस, आपल्यातल्या अनेकींचं होतं हे. जन्मल्यावर बीसीजी टोचलेली असते, दंडावर तो वण आहे बघ. त्यामुळे त्वचेची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची टेस्ट मागून घे, क्वांटिफेरॉन. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली तर कॉलेजला तो रिपोर्ट चालतो का विचार, बहुधा चालतो. पॉझिटिव्ह आलीच तर छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचा सल्ला. तेही जगबुडी नाही.
हेपॅटायटिस बी चं मात्र लगेच बघ. टायटर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीचं मोजमाप) कमी आलं तर नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात. गोवर, गालगुंड, कांजिण्या यांचेही टायटर लागतील. लहानपणी झालंय असं आई सांगते, त्याला इथे कुणी विचारत नाही.

आप्पा_डॅलस
अभिनंदन! आता सासू-सासऱ्यांचं तिकीट काढा.

टवाळपंत
आप्पांनी विनोद केला असेल, पण आमच्या घरी हेच टाइमटेबल आहे. सहा महिने माझे आईबाबा, ते गेले की हिचे. दोन्हीकडचे मिळून पोरांना सांभाळतात आणि एकमेकांच्या आमटीला नावं ठेवतात.
नवरा म्हणून दोन गोष्टी लिहितो, कारण इथे सगळ्या बायकाच बोलताहेत. एक, 'मी मदत करतो' म्हणू नका. आठवड्यातल्या त्या संध्याकाळी घर तुमचं. मुलाच्या शाळेचा ईमेल तुमच्याच पत्त्यावर यायला हवा. डब्यात काय द्यायचं हे वर्गात बसलेल्या बाईला फोन करून विचारायचं नाही. दोन, ती रात्री साडेदहाला घरी येते तेव्हा तिला बोलायचं असतं किंवा अजिबात बोलायचं नसतं. जेवण ताटात वाढून झाकून ठेवा, आणि कुठला दिवस आहे ते तिलाच ठरवू द्या.

गवतीचहा
टवाळपंत, तुमचं नाव बदला आता.

अबोली७
पहिली लॅब परीक्षा झाली, बीपी. दोन जोड कानाचा एक स्टेथोस्कोप असतो, मी आणि प्रोफेसर एकाच वेळी ऐकतो. दोघींच्या आकड्यांत चारपेक्षा जास्त फरक नको. मी पास. पुढच्या आठवड्यात निर्जंतुक हातमोजे आणि कॅथेटर, पुतळ्यावर. सरावात हात जरा कमरेखाली गेला की प्रोफेसर नुसत्या म्हणतात, "पुन्हा." परत नवीन पाकीट, परत पहिल्यापासून.
प्रॅक्टिकलला मजा येतेय. पण लेखी परीक्षेने रडवलंय. सगळं पाठ होतं, तरी ७९. एमएस्सीला गोल्ड मेडल थोडक्यात हुकलेली मी! इथे चारही पर्याय बरोबर वाटतात.

पळसफूल
वाटतात नाही, पुष्कळदा असतातच. आपल्या शिक्षणाने आपल्याला 'माहीत आहे का' हे विचारलं, इथे 'आधी काय करशील' हे विचारतात. एक घे :
चार पेशंट. पहिला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, वेदना दहापैकी आठ. दुसरा, मधुमेही, साखर २१०. तिसरा, सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), ऑक्सिजन ९०. चौथी, आजच थायरॉइड काढलेली, श्वास घेताना घर्र असा आवाज येतोय. आधी कुणाकडे?

आप्पा_डॅलस
तिसरा. ९० म्हणजे कमीच.

अबोली७
चौथी? गळ्याला सूज आली असेल तर श्वासनलिका बंद होईल.

पळसफूल
शाब्बास अबोली. आप्पा, सीओपीडीवाल्याला ८८ ते ९२ हेच ठरवून दिलेलं असतं, तो त्याच्या घरी बसल्यासारखा आहे. आठ वेदनेचा माणूस ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. २१० वाल्याला वेळ आहे. चौथीला नाही. नवीन काय आणि नेहमीचं काय, बिघडतंय कोण आणि अपेक्षेप्रमाणे कोण, एवढं प्रत्येक प्रश्नात शोधायचं. त्यामुळे धडा चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाच आणि प्रश्न सोडव. चुकलेल्या प्रश्नाखालचं स्पष्टीकरण वाचायला प्रश्नापेक्षा जास्त वेळ दे. ट्रेन, जेवणाची सुट्टी, मुलाचा पोहण्याचा क्लास, सगळीकडे फोनवर प्रश्न. संध्याकाळच्या बॅचला टेबल-खुर्चीवर बसून अभ्यास करायचं सुख नसतं.
औषधांच्या गणितात मात्र आपण राजे. १००० मिली सलाइन, आठ तास, मिलीला १५ थेंबांचा सेट, मिनिटाला किती थेंब?

गवतीचहा
मिनिटाला ३१ थेंब. पण लिहिताना जपा. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर ०.५, शून्याशिवाय टिंब नाही. पाच मिलिग्रॅम तर नुसते ५, ५.० नाही. टिंब दिसलं नाही तर पेशंटला दहापट डोस जातो. बऱ्याच कॉलेजांत या परीक्षेला ९० टक्के लागतात, काही ठिकाणी शंभर.

अबोली७
क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलची पाळी, सुरू झालं. दुपारी तीन ते रात्री अकरा. फ्रंट डेस्कची वेळ सकाळी सात ते एक करून घेतली, पगार कमी झाला. दिवसाच्या बॅचवाल्या म्हणतात आम्हाला डॉक्टरांचे राउंड, ड्रेसिंग, प्रोसीजर बघायला मिळतात, तुम्हाला काय मिळतं? खरंच काही निसटतंय का?

पळसफूल
निसटतं. राउंड आणि बरीचशी ड्रेसिंगं सकाळी होतात, तुझ्या वेळेला लेखी ऑर्डरच उरलेली असते. त्याची भरपाई म्हणून इन्स्ट्रक्टरच्या मागे लाग, एखादा शनिवारचा दिवस मागून घे.
पण संध्याकाळचं हॉस्पिटल वेगळंच असतं. जेवणाआधीची साखर आणि इन्सुलिन, रात्री नऊच्या औषधांची गर्दी, भेटायला आलेले नातेवाईक. कोण मुलगी रोज येते, कोणाकडे कुणीच येत नाही, हे संध्याकाळीच कळतं. आणि डिमेन्शियाची माणसं. दिवसभर शहाण्यासारखी वागलेली आजी सूर्य कलला की चप्पल शोधायला लागते, घरी स्वयंपाक व्हायचाय म्हणते. याला सनडाउनिंग म्हणतात. तिच्याशी वाद घालायचा नाही, स्वयंपाक काय करणार ते विचारायचं. खोलीत दिवा लाव, पडदा ओढ, बाथरूमला नेऊन आण, बेड खाली कर, अलार्म लाव. दिवसाच्या बॅचला हे पुस्तकातून शिकावं लागतं.

सोनटक्का
अगदी. आमच्याकडे वॉर्डात एक आजोबा रोज सहा वाजता एसटी चुकेल म्हणून उठायचे. रोज त्यांना सांगायचो, आज गाडी लेट आहे. मग झोपायचे.

आप्पा_डॅलस
हे वाचून मलाच भीती वाटायला लागली. माझं वय होत आलं. असो. ती एनक्लेक्स काय भानगड आहे, माझी पुतणी देणार आहे.

पळसफूल
कोर्स संपला की कॉलेज बोर्डाला कळवतं, मग एटीटी, म्हणजे परीक्षेची परवानगी ईमेलने येते. फी २०० डॉलर, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात कॉम्प्युटरवर. बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. ८५ ला पडदा बंद झाला म्हणजे पास असं काही नाही, नापासही असू शकतं. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी आल्यात : एकाच पेशंटची सगळी फाइल समोर आणि त्यावर प्रश्न. नापास झालं तर ४५ दिवसांनी पुन्हा देता येते. पुतणीला सांगा, कोर्स संपल्यावर लांबलचक सुट्टी घेऊ नको, हात गरम असताना दे.

निर्झर
मी इथे वाचत होते. बोर्डाला ईमेल केला, उत्तर आलं, प्रवेश घ्यायला हरकत नाही असं दिसतंय. ईएडीही मार्गी लागतंय. पुढच्या टर्मला ॲनाटॉमी घेतेय. अबोलीताई, पुस्तक नवं घ्यायचं का जुनं चालेल?

अबोली७
जुनं चालतं, पण ऑनलाइन ॲक्सेसचा कोड लागतो तो वेगळा घ्यावा लागेल. आधी प्रोफेसरांना विचार कुठली आवृत्ती. माझं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचं पुस्तक पडून आहे, समासात सगळं मराठीत लिहिलंय, चालत असेल तर पाठवते. व्यनि कर.